चार दांड्यांत न मावणारी तार: सर्ज एक्सटी आणि व्हायटल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही संगीताच्या क्लासात लॅपटॉपवरचा 'सितार' किंवा 'हार्प' वाजवून पाहा. पहिला ठोका बरा वाटतो. मग सूर पाटीसारखा सपाट उभा राहतो, नाहीतर पट्टीवरून बोट उचललं की कात्रीने कापल्यासारखा तुटतो. बिचाऱ्या स्पीकरला नावं ठेवली जातात. खरा दोष बहुतेक वेळा एन्व्हलपचा असतो, म्हणजे आवाज किती वेळात चढावा, कसा उतरावा आणि कधी संपावा हे ठरवणाऱ्या आराखड्याचा. इथे सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन फुकट सॉफ्टवेअर सिंथ (आवाज घडवणारे प्रोग्रॅम) या एकाच कसोटीवर घासून पाहिले आहेत: छेडलेल्या तारेचा आवाज त्यांतून किती खरा निघतो. बाकी ते काय काय करतात, त्यात शिरलेलो नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. सरोद, स्वरमंडल, गिटार या जातीचा आवाज हवा असेल तर सर्ज एक्सटी. तंबोरा हवा असेल, किंवा एन्व्हलप म्हणजे काय ते डोळ्यांनी बघून शिकायचं असेल, तर व्हायटल. दोन्ही ठेवले तरी खिशाला तोशीस नाही. सर्ज मूळचा क्लेस योहानसन यांचा. २०१८ मध्ये त्यांनी त्याचा कोड खुला केला, स्वयंसेवकांनी तो वाढवला आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्ज एक्सटी आला. व्हायटल हा मॅट टायटेल यांचा, नोव्हेंबर २०२० चा. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात.

आता शीर्षकातल्या त्या चार दांड्या, म्हणजे एन्व्हलपचे चार ताबे. अटॅक (चढायचा वेळ), डिके (त्यानंतर उतरायचा वेळ), सस्टेन (पट्टी धरलेली असेतोवरची पातळी), रिलीज (पट्टी सोडल्यावर विझायचा वेळ). १९६५ च्या सुमारास संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांच्याकडे असा टप्प्याटप्प्याचा आराखडा मागितला आणि तो आजतागायत जवळजवळ प्रत्येक सिंथवर आहे. पट्टी दाबून धरायच्या वाद्याला तो नेमका बसतो. हार्मोनियमचा भाता चालू आहे तोवर सूर उभा, म्हणजे सस्टेन. तारेला भाता नाही. नखाने जी शक्ती दिली ती एकदाच. जमेची बाजू तिथे संपली, पुढे नुसता खर्च. म्हणून छेडलेल्या आवाजात सस्टेन शून्यावर. त्यात वीस टक्के, दहा टक्के अशी घासाघीस नको. सस्टेन दहा टक्के ठेवला तरी तार खाली येऊन एका पातळीवर अडकते आणि बोट उचलेपर्यंत ऑर्गनसारखी गुणगुणत राहते. दोन्ही सिंथ कोऱ्या पॅचमध्ये (पॅच म्हणजे एका आवाजाची जुळणी) उघडले की सस्टेन पूर्ण वर असतो, तेव्हा पहिलं काम हेच.

दुसरं काम रिलीजचं, आणि इथे भले भले फसतात. सस्टेन शून्य केल्यावर रिलीज आखूड ठेवला तर बोट उचलताच तार मरते. स्वरमंडलावर बोट तारेवरून पुढे गेलेलं असतं आणि तार मागे वाजतच असते. तिथे 'पट्टी सोडणे' या गोष्टीला काही अर्थच नाही. तेव्हा रिलीज डिकेइतकाच लांब हवा, असं कुणीही सांगेल. ते जवळपास बरोबर आहे, पण पूर्ण नाही. दोन्ही सिंथमध्ये रिलीज सुरू होतो तो त्या क्षणीच्या पातळीपासून, आणि तिथून शून्यावर यायला ठरवलेला पूर्ण वेळ घेतो. डिके दोन सेकंदांचा असेल आणि दीड सेकंदाने बोट उचललं, तर आधीच मंद झालेला आवाज पुढे आणखी दोन सेकंद रेंगाळतो. रिलीज डिकेच्या ७० ते ७५ टक्के ठेवला की पट्टी धरली काय, सोडली काय, कानाला फरक कळत नाही. सरोदाची गोष्ट उलटी: डाव्या हाताचं नख तारेवरून उचललं की सूर दबतो. तिथे ८० ते १५० मिलिसेकंदांचा रिलीज शोभतो. शून्य मात्र कधीच नको. लाट मध्येच तुटून 'टक्' असा आवाज येतो.

दांड्या लावल्या तरी निम्मं काम उरतं, कारण दोन बिंदूंमधली वाट कशी वाकते त्यावर सगळं अवलंबून आहे. खरी तार दर क्षणाला उरलेल्या आवाजाचा ठरावीक हिस्सा गमावते, म्हणजे घातांकी उतार. याउलट सरळ रेघेत उतरणारा दोन सेकंदांचा डिके घ्या. एका सेकंदाला तो अर्ध्यावर आलेला असतो, म्हणजे फक्त ६ डेसिबल खाली. १.८ सेकंदांना २० डेसिबल खाली. उरलेलं सगळं शेवटच्या ०.२ सेकंदात कोसळतं. कानाला ऐकू येतं ते असं: सूर बराच वेळ तसाच उभा आणि मग कुणी दार लावून घेतल्यासारखा गायब. दोन सेकंदांत ६० डेसिबल उतरणारी घातांकी वाट घेतली तर एका सेकंदाला ३० आणि १.८ सेकंदांना ५४ डेसिबल खाली असते. हा फरक ऐकायला तयार कान लागत नाही.

सर्ज एक्सटीत एन्व्हलपच्या डिजिटल अवस्थेत डिकेला तीन वाक मिळतात: सरळ, वर्गाचा आणि घनाचा. तिसरा घ्या. घनाच्या वाकात निम्म्या वेळाला आवाज १८ डेसिबल उतरलेला असतो आणि ९० टक्के वेळाला ६० डेसिबल. तंतोतंत घातांकी नाही, पण तारेच्या कुळातला नक्की. व्हायटलमध्ये डिकेच्या रेघेवर मधोमध एक ठिपका असतो. तो खाली ओढायचा, रेघेचं पोट आत जाईल तितकं बरं. दिसतंही आणि ऐकूही येतं, म्हणून शिकवायला व्हायटल सोपा, असं वर म्हटलं.

आता सर्ज एक्सटीवर सरोदाच्या वळणाचा एक आवाज पायरीपायरीने बांधू. कोऱ्या पॅचमधला क्लासिक ऑसिलेटर (मूळ लाट काढणारा भाग) करवती लाटेवर ठेवा आणि त्याचं रीट्रिगर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला लाट पहिल्यापासून सुरू करणं, चालू करा (कारण पुढे येईल). अँप एन्व्हलप (आवाजाच्या पातळीचा): अटॅक २ मिलिसेकंद, डिके २.२ सेकंद, सस्टेन शून्य, डिकेचा वाक घनाचा. रिलीज आधी १.६ सेकंद ठेवून ऐका, नंतर सरोदासाठी ०.१२ वर आणा. फिल्टर लो-पास (उंच आवाज अडवणारा), १२ डेसिबलचा. २४ चा घेतला की तार सोडून डिस्कोतला बास वाजू लागतो. रेझोनन्स (कटऑफपाशी येणारा उठाव) १० टक्क्यांच्या आत. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून अडवायला लागतो ती जागा, ३५० हर्ट्झ. फिल्टर एन्व्हलप: अटॅक शून्य, डिके ०.४५ सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज ०.३५. त्याचं प्रमाण ४० सेमीटोन (अर्धस्वर). चाळीस सेमीटोन म्हणजे सुमारे दहापट, म्हणजे ठोक्याच्या क्षणी फिल्टर साडेतीन हजार हर्ट्झपर्यंत उघडतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत मिटत येतो.

फिल्टरचा डिके आवाजाच्या डिकेच्या पाचव्या हिश्श्यावर का? तारेतले वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) खालच्यांपेक्षा लवकर विझतात. हवा, धातूतलं घर्षण, घोडीतून निसटणारी शक्ती, सगळे आधी वरच्यांनाच खातात. म्हणून ठोका लख्ख आणि शेपूट मऊ. दोन्ही डिके सारखे ठेवले तर आवाज 'लहान' होतो, पण 'दूर' जात नाही. सगळ्या आकड्यांतला एकच कानाने लावायचा असेल तर हा लावा: फिल्टरचा डिके ०.२ वर ठेवला तर बोटाखाली कापड ठेवल्यासारखी दबलेली तार मिळते, ०.८ वर नवीन चढवलेली पोलादी तार.

फिल्टरचं की-ट्रॅक, म्हणजे स्वराबरोबर कटऑफ किती सरकावा ते, ५० ते ६० टक्के. शून्य ठेवलं तर तार सप्तकातले सूर बोथट होतात, कारण स्वर वर गेला आणि फिल्टर जागेवरच राहिला. शंभर ठेवलं तर वरचे सूर सुईसारखे टोचतात.

यानंतर लोक जे हमखास विसरतात ते: डिकेचा वेळ स्वराच्या उंचीबरोबर बदलला पाहिजे. खर्जाची तार लांब वाजते, तार सप्तकातली झटकन विझते. सर्वत्र २.२ सेकंद ठेवले तर खाली आवाज तोकडा आणि वर खेळण्यातल्या घंटीसारखा लांबट. सर्ज एक्सटीत हे अगदी नीटसपणे होतं. मॉड्युलेटरच्या (इतर ताबे हलवणाऱ्या स्रोतांच्या) रांगेतलं की-ट्रॅक निवडायचं, पुन्हा क्लिक करून जोडणीच्या अवस्थेत न्यायचं आणि अँप एन्व्हलपचा डिके थोडा डावीकडे ओढायचा. या सिंथमध्ये एन्व्हलपचे वेळ दुपटी-निमपटीच्या मापात मोजलेले आहेत, त्यामुळे एकदा लावलेली ओढ प्रत्येक सप्तकाला सारख्याच पटीने काम करते. दर सप्तकाला वेळ सुमारे ७० टक्के होईल इतकी ओढ द्या. मध्य सप्तकात २.२ सेकंद असतील तर दोन सप्तकं वर १.१ आणि दोन सप्तकं खाली ४.४. हीच जोडणी फिल्टरच्या डिकेलाही करायची, नाहीतर खाली शेपूट लांबते आणि चमक मात्र तितक्याच वेळात जाते. व्हायटलमध्ये 'नोट' नावाचा स्रोत डिकेवर टाकून हेच करता येतं, पण तिथल्या डिकेच्या नॉबचं माप चौथ्या घातावर बेतलेलं आहे. त्यामुळे एका सप्तकात बरोबर बसलेली ओढ दुसऱ्या सप्तकात बसेलच असं नाही. तिथे दोन-तीन ठिकाणी ऐकून तडजोड करावी लागते. या मुद्द्यावर सर्ज सरळ पुढे.

व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते, नुसत्या आवाजाला जोडणं ही कंजुषी झाली. जवा (तार छेडायची नखी) जोरात मारला की आवाज मोठा होतो त्याहून जास्त तो उजळतो. व्हेलॉसिटी फिल्टरच्या कटऑफला १२ ते १८ सेमीटोन जोडा आणि आवाजाला त्यामानाने कमी. मग हळू छेडलेला सूर जवळचा, मऊ वाटतो. लांबून ऐकू आल्यासारखा नाही.

आता रीट्रिगरचं कारण. ऑसिलेटर मोकळा फिरत असेल तर प्रत्येक ठोक्याला लाट वेगळ्या जागी पकडली जाते: कधी शून्यापाशी, कधी माथ्यावर. अटॅक २ मिलिसेकंदांचा असला की माथ्यावर पकडलेला ठोका 'टच्' करतो आणि शून्यापाशी पकडलेला करत नाही. परिणाम असा की एकच सूर चारदा वाजवला तर चार वेगळे ठोके ऐकू येतात, आणि माणूस आपल्याच बोटांवर शंका घेतो. व्हायटलमध्ये ऑसिलेटरचा रँडम फेज सुरुवातीलाच १०० टक्क्यांवर असतो. तो शून्य करा. 'टच्' घालवायला अटॅक १५-२० मिलिसेकंदांवर नेणं हा उपाय नव्हे. त्याने नखच जातं आणि तारेवर गज फिरवल्यासारखं वाटू लागतं.

नखाचा आवाज वेगळा बनवायचा. सरोद नारळाच्या करवंटीच्या जव्याने वाजतो. तारेवर त्याची जी खरखर उठते ती सुराचा भाग नाही, ती क्षणभराची सळसळ आहे. सर्जच्या मिक्सरमध्ये नॉइझ आहे, व्हायटलमध्ये सॅम्पलरच्या कप्प्यात व्हाइट नॉइझ. त्याच्या पातळीवर स्वतंत्र एन्व्हलप लावा: अटॅक शून्य, डिके १० ते १५ मिलिसेकंद, सस्टेन शून्य. पातळी इतकी कमी की एकटा ऐकला तर जेमतेम कळावा. तो बंद केल्यावर 'काहीतरी गेलं' असं वाटलं की पातळी बरोबर. व्हेलॉसिटी इथेही जोडा. डिके ४० मिलिसेकंदांपुढे गेला की नखाऐवजी खंजिरीचा भास होतो.

खऱ्या तारेचा उतार एका वाकातही मावत नाही. आधी झपाट्याने पडतो, मग एक पातळ, लांब शेपूट राहते. गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ मध्ये पियानोच्या जोडतारांवर लिहिताना हे नीट उलगडलं: घोडीच्या दिशेने हलणारी तार शक्ती पटकन देऊन टाकते, तिला आडवी हलणारी हळू, शिवाय शेजारच्या तारा एकमेकींशी देवघेव करतात. चार दांड्यांत ही मोडलेली वाट बसत नाही. सस्टेनला मधला थांबा समजून ओढाताण करणारे असतात, पण सस्टेन थांबतो. शेपूट थांबत नाही, हळू का होईना उतरत राहते.

सर्ज एक्सटीत यासाठी एमएसईजी, म्हणजे अनेक टप्प्यांचा एन्व्हलप, आहे. कुठलाही व्हॉइस एलएफओ (इतर ताबे हलवणारी संथ लाट) त्या प्रकारावर न्यायचा आणि हवे तितके बिंदू टाकून वाट स्वतः काढायची. संपादन एन्व्हलपच्या अवस्थेत, पुनरावृत्ती बंद, एलएफओ एकध्रुवी (शून्याच्या फक्त वरच्या बाजूला फिरणारा). तो व्हीसीएच्या (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या भागाच्या) गेनला जोडा, आणि गंमत पाहा: गेन डेसिबलमध्ये असतो, त्यामुळे इथे सरळ रेघ काढली तरी आवाज घातांकीच उतरतो. गेन पार तळाला, उणे ४८ वर ठेवा आणि जोडणी अधिक ४८ ची करा. पहिला बिंदू माथ्यावर, दुसरा ०.२५ सेकंदांवर एकूण उंचीच्या ६२ टक्क्यांपाशी, तिसरा ३ सेकंदांवर तळाला. म्हणजे पहिल्या पाव सेकंदात सुमारे १८ डेसिबल आणि उरलेले ३० पुढच्या पावणेतीन सेकंदांत. दुसरा बिंदू वर-खाली सरकवताना तार सुती, पितळी, पोलादी अशी पालटत जाते. दहा मिनिटं एवढंच करत बसलं तरी वेळ वाया जात नाही. एक खोच लक्षात ठेवा. अँप एन्व्हलपचा सस्टेन इथेही शून्यच आणि डिके चार-पाच सेकंदांचा, सरळ वाकाचा. तो पूर्ण वर ठेवला तर रेघ संपल्यावरही पट्टी सुटेपर्यंत उणे ४८ वर आवाज जिवंत राहतो, आणि दहा सूर धरले की खाली बारीक गुणगुण जमते.

सर्जमध्ये एक वेगळा ऑसिलेटरही आहे, स्ट्रिंग नावाचा. त्याच्या मुळाशी केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती आहे: आकड्यांची एक रांग गोंगाटाने भरायची, ती गोल फिरवायची आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची. सरासरीने वरचे स्वरांश आधी झिजतात, अगदी तारेसारखे. काळी एकचा सा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ, सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबात सुमारे ३४६ आकड्यांची रांग होते. मूळ युक्तीतला तोटा असा की स्वर एक सप्तक चढला की मूळ स्वराचा उतार आठपट जलद होतो. खाली संपता संपत नाही, वर ठिणगीसारखा विझतो. म्हणूनच असल्या ऑसिलेटरला डिकेचा वेगळा ताबा द्यावा लागतो. सर्जने दोन तारा दिल्या आहेत, दोघींचे डिके वेगळे, दुसरीला किंचित बेसूर करायची सोय आणि दोघींमधला तोल. पहिली आखूड, दुसरी लांब आणि दोन-तीन सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) बाजूला: वर एमएसईजीने काढलेली मोडकी वाट इथे आपोआप मिळते, शिवाय तरफांसारखी (आपोआप घुमणाऱ्या तारांसारखी) हलकी लाट येते. एक्सायटर, म्हणजे तार छेडणारा गोंगाट, 'बर्स्ट' प्रकारातला घ्यायचा. 'कॉन्स्टंट' घेतला तर तार सतत घासली जाते. स्टिफनेस मधोमध ठेवा, डावीकडे नेला की तार जुनी होते.

या ऑसिलेटरवरची ठरलेली चूक म्हणजे दोनदा उतार लावणे. तार स्वतःच विझते आहे, आणि वर अँप एन्व्हलपचा डिके अर्ध्या सेकंदाचा. मग 'स्ट्रिंगमध्ये काही दम नाही' अशी तक्रार. या एकाच ठिकाणी सस्टेन पूर्ण वर हवा. अँप एन्व्हलपकडे फक्त बोट सुटल्यावरचं काम.

व्हायटलमध्ये स्ट्रिंग नाही, पण फिल्टरच्या प्रकारांत 'कोंब' (इंग्रजी comb, कंगवा) आहे, आणि तो म्हणजे तीच फिरती रांग. ऑसिलेटर बंद, नॉइझचा १० मिलिसेकंदांचा झटका कोंबमध्ये, की-ट्रॅक बरोबर १०० टक्के, रेझोनन्स वरच्या टोकाजवळ. की-ट्रॅक ९५ राहिला तर सप्तक जुळणार नाही. झटक्यासाठी एन्व्हलप २ वापरायचा. एन्व्हलप १ फिल्टरच्या पुढे, संपूर्ण आवाजावर बसलेला आहे. तोच आखूड केला तर झटक्याबरोबर तारही कापली जाते.

व्हायटलची खरी बाजू तंबोऱ्यात दिसते. तंबोऱ्याचं गणित उलटं आहे. रुंद, किंचित गोलसर घोडी आणि तिच्यावरचं सूत यांमुळे तार छेडल्यावर वरचे स्वरांश लगेच विझत नाहीत, उलट ठोक्यानंतर फुलून येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिताना दाखवलं की ज्या स्वरांशांनी छेडण्याच्या जागेमुळे गप्प राहायला हवं, तेही जवारीमुळे, म्हणजे घोडीवरच्या त्या झंकारामुळे, बोलतात. तेव्हा फिल्टरच्या एन्व्हलपला इथे अटॅक शून्य चालत नाही. व्हायटलच्या एन्व्हलपमध्ये डिले आणि होल्ड हे दोन जास्तीचे टप्पे आहेत, ते इथे कामी येतात: अटॅक ०.१८ सेकंद, होल्ड ०.१, डिके साडेतीन सेकंद, सस्टेन शून्य. रेझोनन्स ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फिल्टर खाली येताना एकेक स्वरांश वेचत येतो. आवाजाचा एन्व्हलप: अटॅक ८ मिलिसेकंद, कारण इथे नख नाही, बोटाचं मांस आहे, डिके सात सेकंद, रिलीज पाच. पंचम, जोड, खर्ज असे चार सूर साधारण सेकंदाच्या अंतराने वाजवले की जवारी उघडते. सर्जमध्येही एलएफओच्या स्वतःच्या एन्व्हलपमध्ये डिले आणि होल्ड आहेत, पण ते शोधायला दोन कप्पे उघडावे लागतात, आणि सर्जचा पडदा आधीच लष्करातल्या दौलतगंजच्या गल्लीइतका भरलेला.

हे आकडे कानाने तपासायला खरं वाद्य शेजारी असेल तर काम अर्ध्यावर येतं. ग्वाल्हेरात त्याची वाण नाही. जीवाजीगंजातल्या सरोद घरात, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या वडिलोपार्जित घरी, वाद्यं जवळून पाहता येतात: पोटावरचं कातडं, पडदे नसलेली धातूची चकचकीत पट्टी. कातडं का, पट्टी का, हे एकदा पाहिलं की ठोका इतका कोरडा आणि मींड (सुरावरून सुरावर सरकणं) इतकी सलग का ते कळतं. डिसेंबरात तानसेन समारोहाला पुढे बसायला मिळालं तर मध्यलयीत एका ठोक्यावर किती सूर ओढले जातात ते मोजा.

मींडीसाठी सर्जमध्ये मोनोचे (एका वेळी एकच सूर वाजवण्याचे) काही प्रकार आहेत. सिंगल ट्रिगरचा घ्यायचा. त्यात पहिली पट्टी धरून दुसरी दाबली की एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही. सूर सरकतो आणि उतार जिथे होता तिथून पुढे चालतो. एक जवा, तीन सूर. पोर्टामेंटो, म्हणजे सरकायचा वेळ, ६० ते १२० मिलिसेकंद. साधा मोनो ठेवला तर प्रत्येक सुराला नवा ठोका पडतो आणि मींडीची पेटी होते. व्हायटलमध्ये व्हॉइस एकावर आणून लेगाटो आणि ग्लाइड चालू केले की तेच. तक्रार दोन्हीकडे सारखी: तिसऱ्या सुरापर्यंत आवाज फार खाली गेलेला असतो. डिके मोनोपुरता दीडपट करा.

स्वरमंडलाची एक ओढ म्हणजे वीस-पंचवीस तारा, आणि शेपटी चार सेकंदांच्या. व्हायटल सुरुवातीला आठच आवाज एका वेळी देतो, सर्ज सोळा. मर्यादा ओलांडली की जुन्या तारा मध्येच गळतात, आणि लोक त्याचा दोष पुन्हा एन्व्हलपला देतात. सर्जमध्ये ती ६४ पर्यंत वाढवता येते. तंबोऱ्याला व्हायटलमध्ये १६ पुरतात. एकच सूर पुन्हा छेडला की खऱ्या तारेचं आधीचं कंपन तिथेच थांबतं. सर्जच्या नव्या आवृत्तीत 'एका पट्टीला एकच आवाज' अशी पियानोसारखी सोय आहे, ती चालू ठेवा. नाहीतर झाल्यात (जलद ठोक्यांच्या वादनात) एकावर एक थर साचून चिखल होतो.

जुन्या लॅपटॉपवर व्हायटल जड जातो, कारण त्याची ती हलती, देखणी चित्रं ग्राफिक्सवर भार टाकतात. सर्ज त्या मानाने काटकसरी. बफर (वाजवण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा) २५६ नमुन्यांचा ठेवला तर ४८,००० च्या वेगाला ५.३ मिलिसेकंद उशीर होतो, तो चालतो. १०२४ वर २१ मिलिसेकंद होतात, आणि मग दोन मिलिसेकंदांचा अटॅक लावून काय उपयोग?

तपासताना रिव्हर्ब, डिले, कोरस सगळं बंद. तयार प्लक पॅचपैकी बऱ्याच जणांवर इतका रिव्हर्ब चढवलेला असतो की एन्व्हलप कसा आहे ते झाकूनच जातं. एकच सूर चारदा, व्हेलॉसिटी ४०, ७०, १०० आणि १२७, दरम्यान चार सेकंद. मग तीच चौकडी एक सप्तक वर आणि एक सप्तक खाली. हे ध्वनिमुद्रित करून ती फाइल ऑडॅसिटीत (ध्वनिसंपादनाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये) उघडून लाटेचं माप डेसिबलवर करा. घातांकी उतार तिथे सरळ घसरगुंडीसारखा दिसतो, दोन टप्प्यांचा उतार मध्ये मोडलेला दिसतो, आणि सरळ रेघेचा डिके टेकडीसारखा फुगून शेवटी कड्यावरून पडतो. कानाला शंका असली तर डोळ्यांना राहत नाही.

व्हायटलच्या विकत मिळणाऱ्या आवृत्त्यांत जास्त प्रीसेट आणि जास्त वेव्हटेबल असतात. इंजिन फुकट आवृत्तीतलंच. वर लिहिलेल्यातलं काहीही करायला पैसे भरावे लागत नाहीत.